काळ्या दांडीचा आवाज

१

मुळशी धरणाकडून पौडकडे येताना जो लांब उतार लागतो, त्याच्या पायथ्याशी सारजाबाई उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसत असे. रविवारी सकाळी तिने जे पाहिले, ते गेले तीन दिवस ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होती. परंतु बुधवारी साजिदाबाई मुलाणी स्वतः तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा ती पाटीमागून उठली, पदर सारखा केला आणि मगच बोलू लागली.

"खड्डा न्हाई, दगड न्हाई, कुत्रं आडवं आलं न्हाई. रस्ता ह्यो असा, तळहातावानी. पोरगं वाकून येत हुतं आन् मधीच सायकल मोडली, बाई. कट्टदिशी. ऊस मोडावा तशी."

"आधी पडला आणि मग मोडली, की आधी मोडली आणि मग पडला?"

"आदी मोडली. ह्या डोळ्यांनी बघितलं म्या. लोखंडाची सायकल असती तर आदी वाकली असती, न्हवं? ही वाकली बी न्हाई."

पौडच्या शाळेत एकतीस वर्षे विज्ञान शिकवून साजिदाबाई निवृत्त झाल्या होत्या. तालुक्यातील निम्म्या माणसांनी त्यांच्या हातची छडी खाल्ली होती आणि उरलेली निम्मी ती चुकवून मोठी झाली होती. सारजाबाई दुसऱ्या निम्म्यातली. तरीही बाईंनी तिच्याकडे शाबासकीच्या नजरेने पाहिले. साक्ष कशी द्यावी, हे शिकलेल्या माणसांपेक्षा तिला अधिक कळत होते.

पडलेला मुलगा वेदांत. वय सत्तावीस, हिंजवडीतील एका कंपनीत अभियंता. तो रविवारपासून अतिदक्षता विभागात होता. जबडा आणि मानेजवळचे हाड मोडलेले, शुद्ध औषधाने हरपवलेली. आदल्याच दिवशी, शनिवारी, त्याने ती कार्बन फायबरची काळी सायकल दुरुस्तीसाठी दिली होती ती पौडच्या एसटी स्थानकासमोर दुकान असलेल्या अतीककडे. आणि अतीक हा साजिदाबाईंच्या धाकट्या बहिणीचा, हुस्नाचा, एकुलता एक मुलगा.

रविवार संध्याकाळपासून लोक आपापल्या सायकली अर्धवट अवस्थेतच परत नेत होते. वेदांतचे वडील दयानंद दसऱ्यासाठी औशाहून आले होते. अतीकने नट प्रमाणाबाहेर आवळले, म्हणूनच नाजूक फ्रेम तडकली, असे त्यांचे ठाम म्हणणे होते. गुरुवारी सकाळी दहा वाजता ते लेखी फिर्यादीवर सही करणार होते.

"तुमचा भाचा आहे, म्हणून तुम्ही धावून आलात," ते पोलीस ठाण्यात सर्वांदेखत साजिदाबाईंना म्हणाले होते.

"भाचा आहे म्हणूनच आले," बाई उत्तरल्या. "दोषी निघाला, तर त्याला दंडाला धरून मीच तुमच्यासमोर आणून बसवेन. नाही निघाला, तर तुम्ही काय कराल, तेवढे आताच ठरवून ठेवा."

हे बोलताना त्यांचा आवाज स्थिर होता. पण भाच्याचा निर्दोषपणा त्यांनाही ठाऊक नव्हता.

२

ठाण्याच्या मागील अंगणात, चिंचेखाली, सायकलीचे दोन तुकडे ताडपत्रीवर ठेवले होते. फौजदार बाईंचाच विद्यार्थी. त्याने खुर्ची आणून दिली आणि अदबीने दूर जाऊन उभा राहिला.

"काय काय केलंस, ते क्रमाने सांग," बाई अतीकला म्हणाल्या. "स्वतःला वाचवत सांगू नकोस."

"खाला, आल्लाशप्पत—"

"शपथ नको. क्रम सांग."

"हँडल खोललं, ग्रीस लावलं, परत बसवलं. सीटचा नट आवळला. माझ्याकडं ठराविक जोर लागला की आपसूक सुटणारा पाना हाय, त्यानंच आवळला. आन् आवळला की मी नटावर पांढऱ्या रंगाची रेघ मारतोय, नटावरून फ्रेमवर. नट तसूभर जरी फिरला, तरी रेघ तुटतीया. ही बघा."

बाईंनी चष्मा पुसून पाहिले. दोन्ही रेघा अखंड होत्या. शिवाय मोड तिथे नव्हताच. हँडल आणि सीट यांना जोडणारी जी वरची आडवी नळी, जिला आपल्याकडे सगळेच दांडी म्हणतात, ती सीटच्या पुढे वीतभर अंतरावर मोडली होती. अतीकच्या पान्याला तिथे लावण्यासारखा एकही नट नव्हता.

"म्हंजी मी सुटलो?"

"गप्प बस. अजून पाहते आहे."

मोडलेल्या कडेवर दोन रंग होते. वरच्या बाजूने ती ताजी, चकचकीत, काळ्या केसांसारखे तंतू बाहेर आलेली. खालच्या बाजूची कड मात्र बोथट आणि मळकी होती, करड्या भुकटीने भरलेली. दोन पृष्ठभाग बराच वेळ एकमेकांवर घासले की अशी भुकटी पडते. आणि त्या मळक्या फटीत काहीतरी चिमटीत धरल्यासारखे अडकले होते. बाईंनी केसातील पिन काढून ते हलकेच उचलून पाहिले. एक पिवळसर, राठ धागा.

"सुतळी," अतीक पुटपुटला. "माझ्या दुकानात सुतळी न्हाई, खाला. मी प्लास्टिकची पट्टी वापरतोय."

"आणि हे?" बाईंनी हँडलखाली बोट दाखवले. तिथे कुंकवाचा सुकलेला ठिपका होता.

"पूजेचं. सायकल धुतली, पन ते मी कुनाचंच पुसत न्हाई."

"सायकल तुझ्याकडे आणलीच का होती? काय बिघडले होते?"

अतीक खाली बघू लागला. हाच प्रश्न चार दिवस कोणी विचारला नव्हता आणि त्याने आपणहून सांगितलेही नव्हते.

"कुरकुर करत हुती. पायंडल मारलं की बारीक कटकट. वेदांतभाऊ म्हनाला, शुक्रवारी ऑफिसला गेलो तवापासनं वाजतीया. मी हँडल खोललं, सीट बघितली, पायंडल बघितली. ग्रीस लावल्यावर आवाज कमी झाला असं वाटलं." तो ताडपत्रीवरच्या तुकड्यांकडे वळला. "मला सापडला न्हाई, खाला. आन् मी सायकल दिली."

सायकल अतीककडे आली, तेव्हाच आतून तडकलेली होती. पण तडकवली कोणी?

३

लवळ्याच्या एका महाविद्यालयात क्रीडा प्रशिक्षक असलेल्या शेखरने ती सायकल आठ महिन्यांपूर्वी वेदांतला वापरलेली म्हणून विकली होती. कँटीनच्या पायरीवर उभे राहून बाईंनी त्याला पहिलाच प्रश्न असा विचारला, की त्याच्या हातातील चहा हिंदकळला.

"ती सायकल तुझ्याकडे असताना किती वेळा आपटली?"

"एकदा," तो शेवटी म्हणाला. "शर्यतीत. समोरून. पुढच्या चाकाचा चिमटा बदलून घेतला होता मी. मॅडम, फ्रेमवर ओरखडासुद्धा नव्हता हो!"

"वेदांतला सांगितलेस?"

"...नाही."

"या पदार्थाला आतून तुटायला ओरखडा लागत नाही, शेखर! कापडाचे थर डिंकात बसवावेत तसा तो बनतो. थर आत सुटतात आणि वर रंग नव्यासारखा राहतो. तू जाणूनबुजून आजारी वस्तू विकलीस. उद्या दहा वाजता ठाण्यात ये आणि हे सर्व फौजदारांपुढे सांग."

चार विद्यार्थी मागे वळून पाहू लागले. शेखरचा चेहरा उतरला. रिक्षात बसताना बाईंच्या मनात समाधान होते. भाचा सुटला होता. ते समाधान पौड येईपर्यंत टिकले. तिथे त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली, आणि तिने विचारले, ताळा करून पाहिलास का?

त्या पुन्हा चिंचेखाली गेल्या. बाजारात माठ घेताना बायका बोटाच्या पेराने तो वाजवून पाहतात. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर ठेवून द्यायचा. बाईंनी बटव्यातून दहा रुपयांचे नाणे काढले आणि सायकलीची एकेक नळी बोटभर अंतराने वाजवायला सुरुवात केली. शेखरच्या अपघातात सापडलेला पुढचा सगळा भाग खणखणीत बोलला. खालची नळी खणखणीत. मागच्या चाकाला धरणारे दोन्ही पाय खणखणीत. केवळ मोडाच्या दोन्ही बाजूंना मिळून, वीतभर लांबीत, नाण्याखालून ओल्या पुठ्ठ्यासारखा बद्द आवाज आला.

शिवाय आठ महिने आणि तीन हजार किलोमीटर ती सायकल मुकाट चालली होती. कुरकुर सुरू झाली ती शुक्रवारी.

साजिदाबाईंनी आयुष्यात माफी फार थोड्या वेळा मागितली होती. त्यांनी तिथूनच शेखरला फोन लावला. "मी तुला चारचौघांत चोर ठरवले. ती माझी चूक होती. खोटेपणाबद्दल मात्र वेदांतशी तुझे तूच बघ." एवढे सांगून त्यांनी फोन ठेवला.

जबाब द्यायला आलेला रोहित तेवढ्यात अंगणात शिरला. रविवारच्या सायकलस्वारांचा हा म्होरक्या. सगळ्यांच्या सायकली आपल्या गाडीच्या मागे टांगून नेणारा.

"तुझ्या गाडीचा तो टांगणीचा जबडा दांडीला कुठे धरतो?"

"हँडलजवळ, मॅडम. इथे. आणि लास्ट टाइम जुलैमध्ये नेली होती; त्यानंतर सगळे चालवतच येतात."

रोहितने बोट ठेवले ती जागा मोडापासून वीतभर दूर होती. बाईंनी तिथे नाणे वाजवले. खणखणीत.

तीन संशयित होते, तिघेही सुटले. आणि अठरा तासांनी फिर्यादीवर सही व्हायची होती.

गेल्या गुरुवारी दसरा. शुक्रवारी कुरकुर. मध्ये कुंकू आणि सुतळी.

४

हिंजवडीजवळच्या त्या रुग्णालयात दयानंद प्रतीक्षागृहाच्या कोपऱ्यातील खुर्चीवर ताठ बसले होते. जिल्हा परिषदेत चौतीस वर्षे कारकुनी केलेला माणूस. चार दिवसांत झोप नव्हती, पण सदऱ्याची गुंडी सुटलेली नव्हती. शेजारी वेदांतची वाग्दत्त वधू जुईली, मांडीवर न उघडलेला जेवणाचा डबा.

"भाच्याची रदबदली करायला आलात?"

"नाही. तुमच्या मुलाविषयी ऐकायला आले. तो सायकल कधी शिकला?"

हा प्रश्न त्यांना अपेक्षित नव्हता. क्षणभर त्यांची मान ढिली पडली.

"शिकायच्या आधीच तो सायकलवर होता, बाई. शाळा दोन कोसांवर. सहा वर्षं मी त्याला दांडीवर बसवून नेलं. पोराला रुतू नये म्हणून दांडीला पोतं गुंडाळायचो. पुढं बसून घंटी वाजवायचा, मीच ड्रायव्हर, म्हणायचा, अन् अप्पा इंजिन." ते हसले आणि हसताहसता त्यांचे ओठ आवळले गेले. "आता डॉक्टर म्हणतात, डोळे कधी उघडेल सांगता येत नाही. अन् तुमचा तो मिस्त्री बाहेर फिरतो आहे."

त्या जुईलीकडे वळल्या.

"दसऱ्याला सायकलीची पूजा कोणी केली?"

"आम्ही सगळ्यांनीच, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. अप्पांच्या घरी अशी पद्धत आहे ना, की पूजा झाली की नव्या-जुन्या कुठल्याही गाडीवर पहिली फेरी घरातल्या मोठ्यांनी मारायची." तिच्या चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदा थोडा उजेड आला. "अ‍ॅक्च्युअली व्हिडिओ आहे माझ्याकडे. अप्पा इतके हसलेले मी कधी पाहिले नव्हते. बघा ना."

छोट्या पडद्यावर झेंडूची माळ घातलेली काळी सायकल होती. दांडीवर घडी केलेला टॉवेल, सुतळीने करकचून बांधलेला. "बसा अप्पा," वेदांत म्हणत होता, "सहा वर्षं तुम्ही नेलंत, आज मी ड्रायव्हर, मी इंजिन!" धोतर सावरत दयानंद दांडीवर बसले. सायकल खांबांमधून डुलत निघाली. वाहने हळू जावीत म्हणून केलेल्या उंचवट्यावर तिने गचका खाल्ला आणि हशाच्या मधोमध एक लहानसा, कोरडा आवाज आला.

कट.

"गुडघा वाजला रे माझा!" पडद्यावरचे दयानंद ओरडले, आणि सगळे पुन्हा हसले.

जुईलीने ओढणीने डोळे टिपले. तिला काहीही कळलेले नव्हते. बाईंनी फोन उलटा करून तिच्या हातात दिला.

"काय झालं, बाई?" दयानंदांनी विचारले. "असं काय दिसलं तुम्हाला?"

एकतीस वर्षे फळ्यावर उत्तर लिहिताना साजिदाबाईंचा हात कधी अडखळला नव्हता. एक वाक्य बोलले की अतीक मोकळा होणार होता. त्याच वाक्याने हा समोरचा माणूस उभ्या जन्मासाठी जखडला जाणार होता, आणि त्याचा मुलगा दाराआड अजून डोळेही उघडत नव्हता.

"उद्या साडेनऊला ठाण्यात या," त्या म्हणाल्या. "सहीच्या आधी. मोडलेली सायकल तुम्ही स्वतः पाहिलेली नाही. पाहिल्याशिवाय सही करायची नसते, हे तुम्हाला मी सांगायला नको."

५

गुरुवारी सकाळी अंगणात तिघेच होते: बाई, दयानंद, आणि भिंतीला टेकून उभा असलेला अतीक. फौजदाराला बाईंनी आतच थांबायला सांगितले होते. दयानंदांनी अतीककडे पाठ केली.

बाईंनी नाणे पुढे केले. "वाजवून पाहा. हँडलपासून सुरुवात करा."

"हा काय पोरखेळ?"

"माठ वाजवून घेता ना? तसेच."

त्यांनी नाइलाजाने नाणे घेतले. टण. टण. टण. मग बद्द. ते थांबले, पुन्हा मागे जाऊन वाजवले, पुन्हा पुढे. चौतीस वर्षे दुसऱ्यांच्या नोंदी तपासलेल्या माणसाची नजर आपोआप बारीक झाली.

"इथं आवाज मेला आहे."

"किती लांबी?"

त्यांनी हाताची वीत टाकली. बरोबर एक.

"अतीकने हात लावलेला एकही नट त्या वितीच्या आत नाही," बाई सावकाश म्हणाल्या. "ही दांडी लांबीच्या दिशेने पोलादापेक्षा बळकट असते. मालकाचे वजन, रस्त्याचे हादरे, सगळे सोसते. पण तिची भिंत अंड्याच्या कवचासारखी पातळ असते, आणि वरून किंवा बाजूने दाबली की आतले थर एकमेकांपासून सुटतात. बाहेर सहज दिसेल अशी खूण उमटत नाही. मग प्रत्येक फेरीला फट थोडी थोडी सरकते. ती कुरकुरते, तेवढीच तिची तक्रार. लोखंड वाकून सांगते. ही शेवटपर्यंत सरळ राहते आणि मग एकदम जाते. ही जुनी, मळकी कड त्या दिवसांची आहे. आणि ती पहिल्यांदा उघडली, तेव्हा हे तिच्या तोंडात सापडले."

त्यांनी पिनेने तो धागा दाखवला.

दयानंद खाली वाकले.

"ही सुतळी मी आणली होती," ते म्हणाले. "औशाहून. भाकऱ्यांच्या गाठोड्याची."

चिंचेची बारीक पाने ताडपत्रीवर पडत होती. अतीक भिंतीपासून सरकला होता. त्याला आता समजले होते, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा लवलेशही नव्हता.

"तो माझा गुडघा नव्हता, बाई."

"नाही."

"मला पासष्ट किलो भरलं होतं मागच्या महिन्यात."

"अप्पा," साजिदाबाईंनी त्यांना पहिल्यांदाच त्या नावाने हाक मारली, "आपल्याकडे दांडी बसण्यासाठीच असते. पिढ्यान्‌पिढ्या बसलो आपण. ही दांडी तशी नाही, हे तिच्यासोबत आलेल्या पुस्तिकेत कुठेतरी लिहिलेले असते. ते वेदांतने वाचले नाही, शेखरने त्याला दिले नाही, आणि तुम्हाला ते माहीत असण्याचे कारणच नव्हते. अतीकनेही कुरकुर ऐकली आणि दांडीला कान लावला नाही. ते मी त्याला आयुष्यभर विसरू देणार नाही."

"तुम्ही काल सांगितलं असतं, तर मी तुम्हाला खोटं ठरवलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितले."

दहा वाजायला पाच मिनिटे असताना दयानंद ठाण्यात गेले. त्यांनी कागद मागितला, आणि फिर्यादीच्या जागी, मोत्यासारख्या कारकुनी अक्षरात, दसऱ्याच्या संध्याकाळी आपल्याच वजनाने ती दांडी तडकल्याचे निवेदन स्वतः लिहिले. एकही शब्द खोडला नाही. सही केली, तारीख घातली, आणि फौजदाराला म्हणाले, "हे मोठ्यानं वाचा. रविवारी मी त्या मुलाचं नाव मोठ्यानं घेतलं होतं."

६

दुपारी जुईलीचा फोन आला. वेदांतने बोटे हलवली होती. डॉक्टर त्याहून अधिक काही बोलत नव्हते.

हिंजवडीकडे जाण्यापूर्वी दयानंद एसटी स्थानकासमोरच्या दुकानात थांबले. अर्धे शटर वर होते. हुस्नाने स्टूल पुढे केले. ते बसले नाहीत. बाईंचे नाणे अजून त्यांच्या मुठीत होते. भिंतीला टांगलेल्या सायकली ते एकेक करून वाजवू लागले. पहिली. दुसरी. तिसरी. अतीक मध्ये पडला नाही. साजिदाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या.

शेवटी कोपऱ्यातल्या एका जुन्या, गंजक्या सायकलीपाशी ते आले, आणि नाणे दांडीजवळ धरून थांबले.

"ती ऱ्हाऊ द्या, अप्पा," अतीक हळूच म्हणाला. "ती लोखंडाची हाय. तिला वाजवून बघावं लागत न्हाई."

"का?"

"तिचं काय दुखलं, तर ती आदी वाकती."

दयानंदांनी त्याच्याकडे पाहिले. मग ते त्या स्टुलावर बसले, आणि चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांची ताठ पाठ खाली खाली आली, कपाळ गुडघ्यांना टेकेपर्यंत. अतीकने शटर उरलेले अर्धे खाली ओढले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.